पोर, पिल्लू आणि आपली घाई

मूल चालायला लागण्याच्या आधीच आपण त्याला भ्यायला शिकवतो. जेवत नसेल तर "जेव हं, नाहीतर भूभूला देऊन टाकीन." झोपत नसेल तर "डोळे मीट, बाहेर कुत्रा आलाय." बागुलबुवा बिचारा कधी दिसत नाही, त्यामुळे दोन-तीन वर्षांत त्याचा धाक ओसरतो. कुत्रा मात्र दिसतो, भुंकतो, अंगावर धावूनही येतो. म्हणून घरातल्या वडीलधाऱ्यांच्या शस्त्रागारात त्याचे स्थान बागुलबुवाच्याही वरचे आहे. पुढे कधीतरी याच घरात हौसेने कुत्र्याचे पिल्लू आणले जाते, आणि ज्या पोराला चार-पाच वर्षे कुत्र्याचा धाक घातला, त्याने पाच मिनिटांत ते पिल्लू मांडीवर घ्यावे अशी अपेक्षा केली जाते. पोर रडू लागले की सगळे हसतात. "एवढ्याशा पिल्लाला भितोस? भित्री भागूबाई कुठली!"

या हसण्याविषयी मला थोडे बोलायचे आहे. देशापुढे एवढे प्रश्न असताना ही कुत्र्याच्या पिल्लावर काय लिहीत बसली, असे काही वाचकांना वाटेल. पण माणूस दुबळ्याशी कसा वागतो हे ओळखायचे असेल, तर घाबरलेल्या लहान मुलाशी तो कसा वागतो ते पाहावे, असे मला मानसशास्त्राच्या अभ्यासापेक्षाही घरातल्या अनुभवाने वाटू लागले आहे. माझे म्हणणे थोडक्यात असे : भित्र्या मुलाची आणि नव्या पिल्लाची मैत्री व्हावी असे वाटत असेल, तर दोघांमध्ये किती अंतर असावे हे ठरवण्याचा अधिकार मुलाच्या हाती दिला पाहिजे. तो अधिकार देणे आपल्याला जड जाते, कारण आपल्याला घाई असते.

अनुभव आहे गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीतला. माझी मोठी बहीण एका तालुक्याच्या गावी राहते. तिचा मुलगा पाच वर्षांचा. तीन वर्षांचा असताना गल्लीतल्या एका कुत्र्याने त्याच्या हातातले बिस्कीट हिसकावले आणि त्या झटापटीत तो पडला. चावा नाही, ओरखडाही नाही. पण तेव्हापासून कुत्रा दिसला की हा आईच्या पदरात. ही भीती जावी या सद्हेतूनेच भावोजींनी मित्राच्या वस्तीवरून दोन महिन्यांचे गावठी पिल्लू आणले. तांबूस रंगाचे, कान पडलेले, चालताना स्वतःच्याच पायात अडखळणारे. ते घरात सोडताच भाचा कॉटवर चढला आणि संध्याकाळपर्यंत खाली उतरला नाही.

दुसऱ्या दिवशी शेजारचे एक काका आले. त्यांनी त्याला उचलून खाली आणले, त्याचा हात धरला आणि पिल्लाच्या पाठीवर दाबून ठेवला. "बघ, काही करतं का?" पिल्लू दचकून केकाटले, त्यासरशी भाचा किंचाळला. त्या रात्री वर्षभरात पहिल्यांदाच त्याने अंथरूण ओले केले. तिसऱ्या दिवशी जेवताना भावोजी वैतागून म्हणाले, "रविवारपर्यंत बघू. नाहीतर परत वस्तीवर सोडून येतो." दुसऱ्या दिवशी सकाळी भाचा माझ्याजवळ येऊन हळूच विचारू लागला, "मावशी, मी भितो म्हणून त्याला टाकून देणार?"

मोठ्या माणसांना जो प्रश्न रविवारपर्यंतचा वाटत होता, तो त्या मुलाच्या मनात केवढा झाला होता! भीतीचे ओझे आधीच होते, त्यावर आता अपराधाचे ओझे चढले होते.

मार्ग काढला तो त्याच्या आजीने, म्हणजे माझ्या बहिणीच्या सासूबाईंनी. त्या मुलाला म्हणाल्या, "अरे, पोराला ताप आला तर तो रविवारी उतर म्हणून सांगतोस का? नवी गाय दावणीला रुळायलासुद्धा पंधरा दिवस लागतात." पिल्लू त्यांनी मागल्या पडवीत खांबाला बांधले. दारात गुडघाभर उंचीची एक फळी आडवी लावली आणि नातवाला सांगितले, "ही फळी तुझी. तू म्हणशील तोवर ते अलीकडे येणार नाही." मग सूप घेऊन त्या पडवीत तांदूळ निवडायला बसल्या. भाच्याचा पाट मधल्या खोलीत, दारापासून चांगला दहा-बारा हात लांब. तिथे बसून त्याने पोहे खायचे आणि वाटले तर पिल्लाकडे बघायचे. 'ये', 'बस', 'हात लाव' यांतले एकही अक्षर त्या बोलल्या नाहीत.

पाट रोज थोडा पुढे सरकू लागला, आणि तो भाचाच सरकवत होता. शेजारची सात वर्षांची मुलगी दुपारी येऊन पिल्लाशी खेळे. तिला कोणी काही पढवले नव्हते. ती खेळे आणि हा पाटावरून बघत राही. सगळे सरळ चालले होते अशातला भाग नाही. दुसऱ्या आठवड्यात पिल्लाची दोरी सुटली, त्याने फळीवरून उडी मारली आणि भाच्याची चड्डी दातांत धरून ओढली. खेळण्यासाठीच, पण परिणाम व्हायचा तो झाला. भाचा पुन्हा कॉटवर! आजीने पाट उचलून जिथून सुरुवात केली होती जवळजवळ तिथेच नेऊन ठेवला आणि फळी आणखी वीतभर उंच केली. ना रागावणे, ना समजावणे. तिसऱ्या आठवड्यात त्याने फळीच्या अलीकडून लोटीने पिल्लाच्या जर्मलच्या थाळीत पाणी ओतले. मग एक दिवस पिल्लाने त्याचे बोट चाटले. त्याने बोट सदऱ्याला पुसले, थोडा विचार केला आणि पुन्हा पुढे केले. पिल्लाचे नावही त्यानेच ठेवले. रंग गुळासारखा, म्हणून 'गुळ्या'.

हे पाहताना मला राहून राहून आमच्या पाठ्यपुस्तकातल्या दोन मुलांची आठवण येत होती. मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यांना ती दोघे परिचित आहेत. इतरांसाठी थोडक्यात सांगते. पहिला अल्बर्ट. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात वॉटसन आणि रेनर यांनी १९२० साली त्याच्यावरचा प्रयोग प्रसिद्ध केला. नऊ महिन्यांच्या सुमारास हे बाळ पांढऱ्या उंदराला मुळीच भीत नव्हते. ते अकरा महिन्यांचे झाल्यावर, उंदराला हात लावायला गेले की त्याच्या पाठीमागे पोलादी कांबीवर हातोडा मारून मोठा आवाज करायचा, असे वारंवार करण्यात आले. पुढे आवाज नसतानाही ते उंदराला पाहून रडू लागले. इतकेच नव्हे तर ससा, कुत्रा आणि केसाळ कोट यांनाही भिऊ लागले. ती भीती घालवण्याचा प्रयत्न होण्याआधीच मूल तिथून गेले. आज असा प्रयोग करायला कोणी परवानगी देणार नाही. पण "भूभूला देऊन टाकीन" म्हणताना आपण घरोघर दुसरे काय करतो? हातोडा नसतो, एवढाच फरक.

दुसरा पीटर. वय २ वर्षे १० महिने. त्याची हकिकत मेरी कव्हर जोन्स या बाईंनी १९२४ साली लिहिली. पीटर सशाला भीत असे. त्याला उंच खुर्चीवर बसवून आवडीचे खायला द्यायचे आणि सशाचा पिंजरा त्याच्या खाण्यात व्यत्यय येणार नाही इतक्या लांब ठेवायचा. मग रोज थोडा थोडा जवळ आणायचा, असा हा उपचार होता. सशाला न भिणारी मुलेही त्याच्यासमोर सशाशी खेळत. गंमत म्हणजे पीटरलाही मध्येच धक्का बसला. आजारपणानंतर तो रुग्णालयातून घरी निघाला असता दाराशीच एक मोठा कुत्रा अंगावर आला आणि पीटरची जुनी भीती जशीच्या तशी परतली. बाईंनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. शेवटी पीटर सशाला आपली बोटे कुरतडू देऊ लागला. आजीने या बाईंचे नाव ऐकलेले असणे शक्य नाही. तरी एकीचा पिंजरा आणि दुसरीचा पाट यांची चाल एकच आहे. फरक एवढाच की आजीने ती चालही नातवाच्या हाती दिली.

जोन्सबाईंनी त्याच सुमारास मुलांच्या भीतीवरचे निरनिराळे उपाय तपासून पाहिले होते. नुसते तोंडी समजावणे, काळावर सोडून देणे, चिडवणे, हसणे असे अनेक. त्यांना निश्चित यश दिसले ते दोनच उपायांत : भीतीची वस्तू सुखद गोष्टीच्या सोबतीने हळूहळू जवळ आणणे आणि न भिणाऱ्या मुलांच्या संगतीत ती दाखवणे. चिडवण्याने भीती गेली नाही. पुढे १९६७ साली बँडुरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कुत्र्याला भिणाऱ्या बालवाडीच्या वयाच्या मुलांना चार दिवसांत आठ वेळा एक दृश्य दाखवले : त्यांच्याच वयाचा एक मुलगा कुत्र्याशी निर्भयपणे खेळतो आहे. ज्यांनी हे पाहिले ती मुले, न पाहणाऱ्यांच्या तुलनेत, कुत्र्याच्या बरीच जवळ जाऊ लागली. उपदेश कोणी केला नव्हता. मुले कानांपेक्षा डोळ्यांनी अधिक शिकतात, हे यातून घेण्यासारखे आहे. कोरडी भाकरी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावणाऱ्या नामदेवांची गोष्ट आपण मुलांना रंगवून सांगतो, आणि दाराशी कुत्रे आले की त्याच मुलांसमोर दगड उचलतो. मूल यांतले काय उचलणार?

यावर एक आक्षेप घेतला जाईल आणि तो साधा नाही. तो साने गुरुजींच्या पुस्तकातूनच येतो. 'श्यामची आई' मधले 'श्यामचे पोहणे' आपण सर्वांनी वाचले आहे. पोहायला जायच्या भीतीने श्याम लपून बसतो. आई त्याला बाहेर काढते, मारते आणि विहिरीवर पाठवते. आणि त्याची भीती जाते. मग आईच्या छडीने जे साधले ते काकांच्या हाताने का साधू नये? महाराष्ट्रात ज्या आईला आदर्श मानतात तिच्याशी वाद घालायचा म्हणजे जरा जपूनच बोलले पाहिजे. पण मला दोन फरक दिसतात. एक, श्याम हा पाच वर्षांचा बाळ नव्हता, आणि पाण्यात त्याला सांभाळायला पोहणारी माणसे होती. आईच्या प्रेमाविषयीही त्याला शंका नव्हती; मारल्यावर तिचेच मन किती कळवळले हे गुरुजींनीच लिहिले आहे. काकांच्या हातात ते प्रेम नव्हते, पैज जिंकण्याची खुमखुमी होती. दुसरा फरक अधिक महत्त्वाचा. विहिरीचे पाणी भीत नाही. पिल्लू भिते.

या दुसऱ्या भीतीचा विचार आपल्याकडे जवळजवळ होतच नाही. दोन महिन्यांचे पिल्लू घरी आणले म्हणजे आई, भावंडे, ओळखीचा वास हे सगळे एका दुपारी त्याच्यापासून तोडलेले असते. रात्री ते रडते तेव्हा आपण "काय कटकट आहे" म्हणतो. अमेरिकेत स्कॉट आणि फुलर या दोघा संशोधकांनी अनेक वर्षे पिल्लांचा अभ्यास करून १९६५ साली ग्रंथ लिहिला. साधारण तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यापर्यंतचा काळ पिल्लाच्या स्वभावाच्या घडणीत फार नाजूक असतो, असे त्यांना आढळले. या काळात माणसांचा जो अनुभव येईल तो पुढे बराच टिकतो. म्हणजे मुलाच्या किंकाळ्या, अचानक बसलेली लाथ, शेपूट ओढणारा हात यांतून पिल्लूही धडा शिकतच असते. आज जबरदस्तीने मुलाचा हात त्याच्या पाठीवर दाबला तर एका वेळी दोन जीव घाबरतात, आणि वर्षभराने त्यांतल्या एकाला चांगले मजबूत दात आलेले असतात.

म्हणून मुलाला धीट करण्याआधी त्याला कुत्रा वाचायला शिकवावे. शेपूट पायात घातली, कान मागे घेतले, तोंड फिरवले, उगाच ओठ चाटले किंवा जांभई दिली तर पिल्लाला त्रास होतो आहे, त्याला सोडावे. शेपूट हलते म्हणजे ते खूशच आहे असेही नाही. भुंकणारा कुत्रा चावत नाही, ही म्हण तर मुलांना शिकवूच नये. कुत्र्यांनी ती ऐकलेली नसते. खाताना आणि झोपेत त्याला हात लावू नये. पळणाऱ्यामागे पळणे हा पिल्लाचा खेळ आहे, म्हणून ते अंगाशी आले तर पळायचे नाही. 'स्टॅच्यू' खेळतात तसे हात अंगाशी घेऊन गप्प उभे राहायचे. हा खेळ आमच्या भाच्याला आधीच येत होता. पिल्लाला जिंकू द्यायचे नाही एवढेच त्याला सांगावे लागले. आणि मोठ्यांसाठी एकच नियम : लहान मूल आणि पिल्लू यांना क्षणभरही एकटे सोडायचे नाही, मैत्री कितीही जमलेली असो.

आईबापांच्या मनातली खरी धास्ती वेगळीच असते हे मला ठाऊक आहे. ती रेबीजची, आणि ती मुळीच हास्यास्पद नाही. त्याची लक्षणे एकदा दिसू लागली की रोगी जवळजवळ कधीच वाचत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्यानुसार रेबीजचा संशय असलेली जनावरे ज्यांना चावतात त्यांतले सुमारे ४० टक्के लोक १५ वर्षांखालील असतात. म्हणून पिल्लू तीन महिन्यांचे झाले की पशुवैद्याकडून त्याला लस टोचून घ्यावी आणि पुढे वेळच्या वेळी टोचत राहावे. तोवरही निष्काळजी राहू नये. दात किंवा नख लागले तर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी दवाखाना गाठावा. हळद, तिखट, चुना लावत बसू नये. पोटातल्या १४ इंजेक्शनांची दहशतही आता सोडून द्यावी; ती जुनी लस आपल्या देशात २००४ सालीच बंद झाली. आजची लस दंडात देतात आणि चार-पाच वेळांत काम होते.

पण ही सारी व्यवस्था एका गोष्टीवर टांगलेली आहे. मुलाने सांगितले पाहिजे. खेळता खेळता बारीकसा ओरखडा उठला, तर तो आईला दाखवायचा की सदऱ्याखाली झाकायचा, हे पाच-सहा वर्षांचे मूल ठरवते. ज्या घरात त्याच्या भीतीला हसतात, 'रडका', 'भित्रा' म्हणतात, किंवा "तू काही बोललास तर कुत्रा सोडून देऊ" असा धाक असतो, त्या घरात ते झाकण्याचीच शक्यता अधिक. आपले हसणे निरुपद्रवी असते या समजाला माझा आक्षेप आहे तो इथे. हसण्याने भीती जात नाही. मूल फक्त ती सांगायचे बंद होते, आणि आपल्याला वाटते गेली.

आजीच्या रीतीने चमत्कार झाला असे मात्र कोणी समजू नये. भाचा अजूनही रस्त्यावरच्या मोठ्या कुत्र्याला पाहून पलीकडच्या बाजूने जातो. जाऊ दे की! अनोळखी कुत्र्यापासून लांब राहणे हा शहाणपणाच आहे. सगळ्या कुत्र्यांवर प्रेम करणारा वीर कोणाला हवा होता? त्याला एका पिल्लाची ओळख झाली, आणि आपण 'नको' म्हटले तर ते मोठी माणसे ऐकतात हे त्याला कळले. यांतले दुसरे मला अधिक मोलाचे वाटते.

आपल्यापैकी बरेच जण उद्या शिक्षक होतील, आणि आईबाप तर बहुतेक सगळेच. तेव्हा कोणी पिल्लू आणायचे मनात घेतले, तर आधी मुलाला विचारावे. ते 'नको' म्हणाले तर निदान त्या वर्षी आणू नये. 'हो' म्हणाले तर दारात फळी लावावी, पाट मुलाच्या ताब्यात द्यावा आणि शेजारच्या काकांना चहा देऊन बाहेरच्या खोलीत बसवावे. कुत्रा दहा-बारा वर्षे जगतो. ज्या घराला त्याची आणि मुलाची ओळख व्हायला महिनाभर थांबवत नाही, त्या घराने ती दहा-बारा वर्षांची जबाबदारी अंगावर घेऊच नये. घाईने आणलेली पिल्ले पुढे कुठे दिसतात, हे आपल्या कोणत्याही गावाच्या एस. टी. स्टँडवर जाऊन पाहावे.